दुखणं इथलं, गोळी मुंबईची

सासूबाईंनी तोंडातली जखम अख्खा पावसाळा लपवून ठेवली. मोऱ्याच्या लाँचधक्क्याच्या अलीकडे, मिठागरांच्या काठावर आमचं गाव. तिथे त्या एकट्याच राहत. मिठागराची बरीचशी जमीन नव्या बंदरासाठी गेली होती, त्या बदल्यात माझ्या नवऱ्याला बंदरात नोकरी लागली आणि आम्ही दोघं नवीन पनवेलला दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. मी पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. ही नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट.

गणपतीला गावी गेलो तेव्हा सासूबाई तोंडावर पदर धरून बोलत होत्या आणि जेवायला आमच्याबरोबर बसत नव्हत्या. मला वाटलं, काही उपास-बिपास असेल. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने त्यांचा पदर बाजूला केला. गालाला आतून जखम होती आणि बाहेरून गाल हाताला दगडासारखा लागत होता. आयुष्यभर त्यांनी मिशरी लावली होती. मिठाच्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या बायकांना भूक मारायला दुसरं काय होतं? त्या मात्र म्हणत राहिल्या की दाढेचं दुखणं हाय, गणपती झाल्यावर बघू.

पनवेल गावात आमचे एक डॉक्टर होते. वय झालेलं, दवाखाना जुना, पण माणूस असा की पेशंटला तपासताना घड्याळाकडे बघत नसे. त्यांनी सासूबाईंचं तोंड बॅटरी लावून पाहिलं, बॅटरी बंद केली आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. मुंबईत सांगितलं की ऑपरेशन करण्यापलीकडे गेलंय, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू. दिवाळी त्या शेकात गेली. गालाची कातडी काळी पडली, गाठ थोडी बसली, आणि मग एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता आईंना घरी न्या, जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या.

त्यांना काहीच खावंसं वाटत नव्हतं. दुखणं कानातून डोक्यात जायचं. आमच्या घरात त्या भिंतीला टेकून बसत, डोकं एका बाजूला कलतं धरून. आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून बसूनच रात्र काढायच्या. त्या ओरडत नव्हत्या. नुसत्या बोटांनी साडीचा काठ चुरगळत असायच्या. महिन्याभरात त्या साडीचा काठ एका जागी विरला.

पुढच्या खेपेला इस्पितळात आम्हाला एका वेगळ्या खोलीत पाठवलं. तिथे एक डॉक्टरीणबाई फक्त दुखण्याचंच बघत होत्या. त्यांनी सासूबाईंना विचारलं, झोप लागते का. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या, ठरावीक तासांनी घ्यायच्या. मॉर्फिन, त्या म्हणाल्या. नाव ऐकून मी घाबरले. त्यांनी मला समजावलं की याने व्यसन लागत नाही, दुखणाऱ्या माणसाचं हे औषध आहे, वेळ चुकवू नका.

त्या संध्याकाळी सासूबाई आडव्या झाल्या आणि झोपल्या. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते पाहून आले. सकाळी उठून त्यांनी भाताची पेज मागितली, वर थोडं मीठ. पेज पिऊन झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बरं हाय गं पोरी. नाय दुखत." नवरा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, बराच वेळ बाहेर आला नाही.

इथवर आमचं नशीब बरं होतं. कटकट यानंतर सुरू झाली.

गोळ्या पंधरवड्यापुरत्याच मिळत. त्या फक्त त्याच इस्पितळात मिळत. संपल्या की घरच्या माणसाने कार्ड घेऊन मुंबईला जायचं, आधी डॉक्टरीणबाईंच्या रांगेत, मग औषधाच्या खिडकीच्या रांगेत. नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणून बहुतेक वेळा मीच जायची. पहाटेची एसटी धरायची, खाडीपूल ओलांडून मुंबईत शिरायचं, दुपार रांगेत घालवायची आणि दिवेलागणीला परत यायचं. शाळेतली रजा संपत आली. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, पण त्याही एकदा म्हणाल्या की गोळ्याच आणायच्या ना, पनवेलला केमिस्टची एवढी दुकानं आहेत.

तेच मी आमच्या केमिस्टला विचारलं होतं. बाजारातलं नेहमीचं दुकान, वर्षानुवर्षांची ओळख. चिठ्ठी वाचून त्याने ती घडी घालून परत दिली आणि आवाज खाली आणला. अमली पदार्थांचा नवा कायदा आल्यापासून कोणी ठेवत नाही, म्हणाला. वेगळं लायसन्स लागतं, हिशेबात एक गोळी इकडची तिकडे झाली तर थेट तुरुंग, जामीनसुद्धा नाही. पूर्वी आपल्या वडिलांच्या वेळी दुकानात इंजेक्शनं असायची, कायदा आल्यावर त्यांनीच ती परत करून टाकली. मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला, "ताई, स्टँडच्या मागे गर्दची पुडी पाहिजे त्याला पाहिजे तेव्हा मिळते. तुमच्या सासूबाईंची गोळी मात्र मी ठेवू शकत नाही."

हे मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांना ठाऊकच होतं. पूर्वी त्यांच्याही बॅगेत ती इंजेक्शनं असत. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले की आपण अर्ज करून बघू, माझ्या दवाखान्यात ठेवायची परवानगी मागू. तुमच्यासारखी आणखी घरं असतील.

त्यासाठी डॉक्टर आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला गेलो. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता, मी शेवटच्या राहिलेल्या रजांपैकी एक घेतली होती. वडखळपर्यंत ते एसटीत झोपले, डोकं खिडकीवर आपटत होतं तरी. ज्या कार्यालयात जायचं होतं ते दारूचे परवाने देणारं. व्हरांड्यातल्या बाकावर ताडीवाले आणि बारवाले बसले होते, त्यांच्यात आम्ही जाऊन बसलो. एकाने डॉक्टरांना जागा करून दिली आणि कोणतं हॉटेल म्हणून विचारलं.

आतला अधिकारी तुसडा नव्हता. तो तसा असता तर मला सोपं गेलं असतं, कोणावर तरी चिडता आलं असतं. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून नियमांचं पुस्तक काढून आमच्यासमोर वाचू लागला. एक परवाना जवळ ठेवण्याचा, एक मुंबईहून इकडे आणण्याचा, शिवाय जिथून आणायचं त्यांना तिकडून पाठवण्याचा वेगळा. काही या कार्यालयातून, काही दुसऱ्याच कार्यालयातून. प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि सगळे एका वेळी चालू असतील तरच औषध हलवता येणार. एकट्याच्या दवाखान्याला ते देता येतात का, हे पुस्तकात कुठे स्पष्ट नव्हतं. त्याने पानं पुढे-मागे केली, चष्मा काढला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला द्यायचं नाही असं नाही. मी इथे आल्यापासून असा परवाना कोणी मागितलेलाच नाही. तो कसा द्यायचा तेच मला माहीत नाही."

वरच्या कार्यालयाला विचारतो, म्हणाला. डॉक्टरांनी अर्ज ठेवला. परतताना पेणला आम्ही चहा प्यायलो. डॉक्टर बशीत चहा ओतत म्हणाले की कायदा काही चुकीचा नाही, पोरं गर्दापायी मरतायत. फक्त तो करताना दुखणाऱ्या माणसाची कोणाला आठवण झाली नाही. नंतर त्यांनी बऱ्याचदा अलिबागला विचारणा केली, आणि वरून अजून उत्तर आलं नाही एवढंच प्रत्येक वेळी कळलं.

इस्पितळाच्या रांगेत माझी एका जोडप्याशी ओळख झाली होती. त्यातला नवरा पूर्वी पनवेलला रिक्षा चालवायचा, आमच्या जवळच सुकापूरला राहायचा. त्याचा आजार कमरेच्या हाडात उतरला होता. त्याला बसता येत नसे. परतीच्या एसटीत तो दोन्ही हातांनी दांडा धरून पनवेलपर्यंत उभा राही, आणि कोणी जागा दिली की हसून नको म्हणे. बायको शेजारच्या सीटवर बसून त्याच्या शर्टाचं टोक धरून ठेवायची, जणू बस वळताना तेवढ्याने तो पडायचा राहणार होता. त्यालाही त्याच गोळ्या चालू होत्या. पुढे त्याला प्रवास झेपेना, मग बायको एकटीच यायची, आणि आम्ही दोघी एकाच बसने परतायचो.

मग हिवाळ्यात मुंबई पेटली. ती दंगल सगळ्यांना माहीत आहे, तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार. मला आठवतं ते एवढंच, की आमच्या गोळ्या संपायला आणि मुंबई बंद व्हायला एकच गाठ पडली. एसट्या मुंबईत शिरत नव्हत्या. नवरा मोऱ्याला जाऊन आला, लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून पुढे काही जमतंय का ते बघायला. तिथे त्याच्याच नात्यातल्या खलाशांनी त्याला परत पाठवलं. धक्क्यावर उतरशील, पण पुढे जाणार कसा, म्हणाले.

गोळ्या संपत आल्या तशा मी त्या लांबवायला लागले. एकेक वेळ पुढे ढकलली, मग अर्धी गोळी द्यायला लागले. सासूबाईंना कळत होतं. गोळी देताना त्या माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघायच्या. मग तो तुकडाही संपला. डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन त्यांच्याजवळ होतं ते दुसरं इंजेक्शन देत. तासभर गुंगी येई, त्यानंतर पुन्हा तेच. सासूबाई पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. पाणी ओठांशी नेलं तरी तोंड उघडत नव्हत्या.

सुकापूरला जायचं मी दोन दिवस टाळलं होतं. काय म्हणून मागायचं? त्यांचीही तीच गत असणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चालत गेले. रिक्षावाल्याची खोली गावाच्या आतल्या अंगाला होती, पुढे सारवलेलं अंगण. बायको भांडी घासत होती. मला बघून उठली आणि मी कशाला आले ते तिला लगेच समजलं. तिचा चेहराच बदलला. गोळ्या आहेत, पण आमच्यापुरत्याच आहेत, ती हळू आवाजात म्हणाली. शेवटच्या खेपेला त्यांनी कार्डावर गोळ्या आमच्यानंतर घेतल्या होत्या, म्हणून त्यांच्याजवळ अजून थोड्या शिल्लक होत्या. मी म्हटलं, असू दे, मी सहज आले होते. हे खोटं होतं आणि आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

तो आतून ऐकत होता. त्याने मला आत बोलावलं. खाटेवर एका कुशीवर झोपला होता, अंगावर गोधडी.

"आई रडतात का?" त्याने विचारलं.

"रडत नाहीत. बोलायच्याही थांबल्यात."

"म्हणजे जास्तीच हाय," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "अर्ध्या दे त्यांना."

ती दारातच उभी राहिली. हलली नाही. तो चिडला नाही, तेवढाच आवाज ठेवून पुन्हा म्हणाला, "दे. मुंबई चालू होईल तवा होईल. आमी दोघं अर्धं-अर्धं सोसू."

तिने फडताळातून पुडी काढली, अर्ध्या गोळ्या कागदावर घेतल्या आणि कागद माझ्या हातात दिला. देताना माझ्याकडे बघितलं नाही. तिचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्याला दिलेली प्रत्येक गोळी म्हणजे तिच्या नवऱ्याची एक रात्र होती, आणि ती रात्र तिला जवळ बसून काढायची होती. मी आभारही धड मानले नाहीत. कागद मुठीत घट्ट धरून घरी आले.

त्या गोळ्यांवर आम्ही ते दिवस ढकलले. तिकडे त्याचे कसे गेले ते मी विचारलं नाही.

मुंबईची वाट उघडली त्या पहिल्या सकाळी मी एसटी पकडली. आदल्या दिवशी सुकापूरला जाऊन रिक्षावाल्याचंही कार्ड घेतलं होतं, कारण त्या दिवसांत बायकोला त्याच्याजवळून हलता येत नव्हतं. खाडीपुलापलीकडे रस्त्याकडेला जळकी दुकानं होती, बसमधले सगळे बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते. इस्पितळात रांग फाटकापर्यंत आली होती. सगळ्यांच्याच गोळ्या संपल्या होत्या. कोणी ठाण्याहून आलं होतं, कोणी कर्जतहून, एक म्हातारा नाशिककडून आला होता. डॉक्टरीणबाई जेवायलाही उठल्या नाहीत. मी अर्ध्या गोळ्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला आणि दोन्ही कार्डांवर लिहून दिलं.

खिडकीवरच्या माणसाने आमच्या गोळ्या दिल्या. दुसरं कार्ड उलटसुलट पाहिलं. घरचंच माणूस लागतं, म्हणाला, तुम्ही पेशंटच्या कोण? आडनावं वेगळी, गाव वेगळं, सगळं त्याच्यासमोर होतं.

"बहीण," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मागे रांग दाटली होती. त्याने नातं लिहिण्याच्या जागी बहीण लिहिलं आणि पुडी माझ्याकडे सरकवली.

तिन्हीसांजेला मी सुकापूरला उतरून तशीच त्यांच्या घरी गेले. खिडकीवर काय सांगितलं ते हसत हसत सांगितलं. बायकोने गोळ्या देवाजवळ ठेवल्या, मला पाट दिला आणि चहाचं आधण ठेवलं. निघताना अंगणापर्यंत आली. म्हणाली, "येत जा, वन्सं." त्यानंतर दोन्ही कार्डं आम्ही आळीपाळीने भरून आणायला लागलो. एकदा ती, एकदा मी. तेवढाच दोघींचा एकेक फेरा वाचायचा.

सासूबाईंनी मग गावी न्यायचा हट्ट धरला. "मना घरी ने," एवढंच रोज म्हणायच्या. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. उन्हं तापायला लागली होती, मिठागरात मीठ धरायला सुरुवात झाली होती. घराच्या पडवीत त्यांचं अंथरूण घातलं, तिथून मिठाचे ढीग दिसायचे. गोळी लागू पडली की त्या तासन् तास तिकडे बघत. कोण कसं मीठ ओढतंय यावर बोलत, अमक्याच्या सुनेला फावडं धरता येत नाही म्हणत. शेजारणी येऊन बसायच्या. त्यातल्या एकीने मिशरीची डबी काढली तर सासूबाईंनी तिला फार शिव्या दिल्या. होळीच्या थोडं आधी, दुपारच्या वेळी, त्या गेल्या. दुखत नव्हतं. हे मी खात्रीने सांगू शकते आणि या सगळ्यातून मला मिळालेलं तेवढंच आहे.

उरलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे इस्पितळात परत करायच्या होत्या. दिवसकार्य झाल्यावर मी त्या पर्समध्ये घातल्या आणि सुकापूरला नेऊन दिल्या. त्याला आता दुप्पट लागत होत्या. तो श्रावणात गेला. मी गेले तेव्हा त्याची बायको ओटीवर बसली होती. मला म्हणाली की शेवटचे दोन दिवस गोळी गिळताच येत नव्हती, पाण्यात विरघळवून चमच्याने दिली. पुढे ती माहेरी गेली, खोली दुसऱ्याला दिली, आणि तिची माझी गाठ पडली नाही.

डॉक्टरांनी अजून काही वर्षं दवाखाना चालवला. अलिबागच्या अर्जाचं काय झालं ते मी विचारायचं सोडून दिलं होतं, त्यांनीही तो विषय काढला नाही. गुडघे गेल्यावर ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. दशक संपता संपता वर्तमानपत्रात वाचलं की या औषधाचे नियम सोपे करणार आहेत, एकाच परवान्यावर काम होईल. केमिस्टकडे माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले तेव्हा मी त्याला विचारलं. त्यानेही वाचलं होतं. "होईल तेव्हा होईल," तो म्हणाला. "पण महिन्यात एखादं गिऱ्हाईक. त्याच्यासाठी एवढी जोखीम कोण घेणार?" त्याच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. मी माझ्या गोळ्या घेऊन घरी आले.

पुढच्याच वर्षी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या वडिलांना तेच दुखणं झालं. ती आपटा गावाहून ये-जा करायची. कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मी तिला सगळं सांगितलं. कुठे उतरायचं, कोणत्या दारातून गेलं की जिना जवळ पडतो, पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला घेऊन जायचं, रांगेत शेजारच्याला सांगून बाथरूमला जायचं. ती लिहून घेत होती. मग तिने मला विचारलं, इथे पनवेलला नाहीच का कुठे मिळत?

मी नाही म्हटलं. घंटा झाली, आणि आम्ही आपापल्या वर्गावर गेलो.